हातातोंडाशी आलेला सामना

भारताचा संघ सामना हरला की दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येणाऱ्या काही तक्रारी ठरलेल्या असतात. डोके जड आहे, रात्रभर झोप नाही, छातीत जळजळते, तोंडाला चव नाही. दोन-चार प्रश्न विचारले की रुग्ण जरा ओशाळून सांगतो, ‘‘काल मॅच बघत बसलो होतो.’’ सोबत आलेली पत्नी मग राहिलेले पुरे करते. ताट तसेच ठेवले, पोरावर उगाच ओरडले, रात्री एकपर्यंत अंगणात येरझाऱ्या घालत होते.

नेकनूरमध्ये दवाखाना चालवताना पाव शतकाहून अधिक काळ मी ही माणसे पाहत आलो आहे. त्यांना हसणे सोपे आहे. ‘खेळणारे अकरा जण, पैसे त्यांना मिळणार, तुझे डोके का दुखते?’ असे घरचे म्हणतातच. पण दुखणारे डोके खरेच दुखत असते, वाढलेला रक्तदाब यंत्रावर दिसतो. म्हणून या आठवड्यात या दुखण्याविषयीच लिहावे असे ठरवले.

आमच्या पिढीच्या मनात असा एक सल कायमचा रुतून बसला आहे. ३१ जानेवारी १९९९, रविवार. चेन्नईच्या चेपॉक मैदानावर भारत-पाकिस्तान कसोटीचा चौथा दिवस. पाकिस्तानचा संघ बारा वर्षांनी भारतात कसोटी खेळायला आला होता. जिंकायला २७१ धावा हव्या होत्या आणि ८२ धावांत आपले ५ गडी तंबूत परतले होते. तिथून सचिन तेंडुलकर आणि नयन मोंगिया यांनी १३६ धावांची भागीदारी केली. सचिनची पाठ इतकी दुखत होती की धाव काढताना त्याचा चेहरा पिळवटून निघे. वैयक्तिक १३६ धावांवर सकलैन मुश्ताकच्या चेंडूवर तो झेलबाद झाला, तेव्हा विजय अवघ्या १७ धावांवर होता आणि तीन गडी हाताशी होते. पुढच्या चार धावांत तिन्ही गेले. सर्वबाद २५८. बारा धावांनी पराभव, तोही आपल्याच मैदानावर.

माझा दवाखाना तेव्हा नवा होता. शेजारच्या दुकानातल्या टीव्हीपुढे पार रस्त्यापर्यंत माणसे उभी होती. ऊसतोडीचे दिवस. आसपासच्या वाड्या-तांड्यांवरची कितीतरी कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर गेलेली, तरीही दुकानापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटचा गडी बाद झाला आणि कोणी काही बोलले नाही. दुकानदाराने टीव्ही बंद केला, माणसे पांगली. पुढच्या दोन दिवसांत ‘अंगात कसकस आहे’ म्हणून जे माझ्याकडे आले, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना ताप नव्हता.

थोडक्यात हुकलेले जास्त का लागते?

दीडशे धावांनी हरलेला सामना आपण दुसऱ्या दिवशी विसरतो. बारा धावांनी हरलेला वर्षानुवर्षे सोबत राहतो. कारण त्या बारा धावा मनातल्या मनात आपण पुन्हा पुन्हा काढत बसतो. तो फटका त्याने मारलाच नसता तर? शेपटाने आणखी दोन षटके तग धरला असता तर? मोठ्या पराभवात मनाला असा ‘तर’ सापडत नाही. निसटत्या पराभवात तो जागोजागी सापडतो आणि मन तिथेच घुटमळत राहते. आपल्या भाषेने यासाठी नेमका शब्दप्रयोग करून ठेवला आहे, हातातोंडाशी आलेला घास.

शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पाऊसच नाही, पेरणीच झाली नाही, तर त्या वर्षीचे दुःख एका जातीचे असते. पण २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली आणि काढणीला आलेली रब्बीची पिके डोळ्यांदेखत झोपली, ते दुःख वेगळे होते. पीक जाणे आणि सामना हरणे यांची बरोबरी मी करत नाही, तसे करणे पाप होईल. परंतु मनाची चाल दोन्हीकडे एकच असते.

त्यात अपेक्षेचा भाग मोठा आहे. आपल्याच जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ६ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत दुसरा आला. सुवर्णपदक हुकले ते केवळ ०.०५ सेकंदाने. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो! तरी दुसऱ्या दिवशी माझ्याकडे कोणी डोके धरून आले नाही, उलट प्रत्येक जण छाती फुगवून त्याचेच नाव घेत होता. कारण त्या शर्यतीतली पदके वर्षानुवर्षे केनियाचे धावपटूच नेत. तिथे आपला पोरगा त्यांच्या खांद्याला खांदा लावून धावला, हेच आपल्याला पुष्कळ होते. याउलट १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने आपल्याला ६ गडी राखून हरवले. फरक काही निसटता नव्हता. पण ओळीने दहा सामने जिंकून आलेला संघ घरच्या मैदानावर हरेल हे कोणाच्या मनातच नव्हते. सुतक पडल्यासारखी ती रात्र गेली.

आणखी एक गंमत पाहा. सामना जिंकला की आपण म्हणतो, ‘आपण जिंकलो.’ हरला की पुष्कळांच्या तोंडी येते, ‘हरले लेकाचे.’ अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९७६ मध्ये विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांमध्ये नेमके हेच टिपले होते. जिंकल्यावर ‘आपण’, हरल्यावर ‘ते’. स्वतःला पराभवापासून चार हात दूर ठेवण्याची ही मनाची युक्ती आहे. ज्यांना ती साधत नाही, जे हरल्यावरही ‘आपण हरलो’ असेच म्हणतात, ते खरे चाहते. माझ्या दवाखान्यात येतात तेही हेच.

शरीरात काय घडते?

आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. संकट दिसले की त्या रक्तात काही द्रव्ये सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, तळहातांना घाम सुटतो, पोटाचे काम मंदावते. समोर साप आला तर पळण्यासाठी ही सोय आहे. अडचण एवढीच की शेवटच्या षटकात दहा धावा हव्या असतानाही शरीर हीच सोय वापरते, आणि आपण मात्र खुर्चीवर बसलेले असतो. पळणे नाही, लढणे नाही. पेटवलेली चूल आणि वर भांडेच नाही, अशी अवस्था.

कॅनडात मॉन्ट्रियल शहरात आइस हॉकीच्या वीस निरोगी प्रेक्षकांचे ठोके सामना चालू असताना मोजले गेले, त्याचा अहवाल २०१७ मध्ये आला. टीव्हीवर पाहणाऱ्यांचे ठोके सरासरी ७५ टक्क्यांनी वाढले होते, मैदानात बसलेल्यांचे ११० टक्क्यांनी. म्हणजे मिनिटाला सत्तर ठोके पडणाऱ्याचे मैदानात दीडशेच्या घरात गेले. एवढे ठोके चांगला घाट चढल्यावर पडतात.

हरल्यानंतरचा गळाठाही निव्वळ मनाचा नसतो. १९९४ च्या फुटबॉल विश्वचषकाचा ब्राझील-इटली अंतिम सामना बरोबरीत राहून पेनल्टीवर सुटला. तो पाहणाऱ्या पुरुष चाहत्यांची लाळ सामन्याआधी आणि नंतर तपासली गेली. ब्राझीलच्या चाहत्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वाढले होते, इटलीच्या चाहत्यांमध्ये घटले होते. चेंडूला पायही न लावलेल्या माणसांच्या शरीराने पराभव असा नोंदवून ठेवला! तेव्हा ‘अंगातला जीवच गेला’ असे कोणी म्हणाले तर ती अतिशयोक्ती समजू नये.

बहुतेकांच्या बाबतीत हे सारे काही तासांत ओसरते. ब्रिटनमधील हजारो लोकांनी मोबाइलवर वेळोवेळी आपली मनःस्थिती नोंदवली, ती फुटबॉलच्या निकालांशी ताडून पाहिली गेली. हरल्याचे दुःख जिंकल्याच्या आनंदाच्या जवळजवळ दुप्पट भरले. व्यवहार तोट्याचाच म्हणायचा, पण मनुष्य तो करत राहतो.

छातीकडे मात्र दुर्लक्ष नको

ज्यांना आधीच हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा मधुमेह आहे, जे तंबाखू खातात अथवा विडी ओढतात, त्यांनी हा भाग नीट वाचावा. ३० जून १९९८ रोजी विश्वचषकात इंग्लंडचा संघ अर्जेंटिनाकडून पेनल्टीवर हरला. त्या दिवशी आणि पुढच्या दोन दिवसांत इंग्लंडमधील रुग्णालयांत हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणाऱ्यांची संख्या सुमारे २५ टक्क्यांनी वाढली होती. २००६ ची स्पर्धा जर्मनीतच भरली होती. तेव्हा म्युनिक परिसरातील डॉक्टरांनी नोंदी ठेवल्या. जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी हृदयाच्या तातडीच्या तक्रारी एरवीच्या २.६६ पट झाल्या, पुरुषांमध्ये तर तिपटीहून जास्त. ज्यांना आधीपासून हृदयाचा आजार होता त्यांना धोका सर्वाधिक होता. उलट बाजूही सांगतो. १२ जुलै १९९८ रोजी फ्रान्सने घरच्या मैदानावर विश्वचषक जिंकला, त्या दिवशी तिथल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू नेहमीपेक्षा कमी आढळले.

सामन्यामुळे धडधाकट माणूस मरतो, असा याचा अर्थ नाही. आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिनीला एक धक्का पुरतो. तो धक्का भांडणाचा असेल, बातमीचा असेल किंवा शेवटच्या षटकाचा.

खरा घोटाळा होतो तो दुखणे ओळखण्यात. २९ जून २०२४ ची रात्र. बार्बाडोसला विश्वचषकाचा अंतिम सामना चालू होता आणि दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या. जवळच्या एका गावातले पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ तेव्हापासून छाती चोळत बसले होते. पत्नीने विचारले तर म्हणाले, ‘‘काही नाही, मॅचचं टेन्शन आहे. जिंकलो की बरं वाटेल.’’ भारत ७ धावांनी जिंकला. गल्लीत फटाके वाजू लागले. यांना दरदरून घाम फुटला होता आणि डावा हात जड पडला होता. पत्नीने शहाणपणा केला. जिंकूनही दुखते आहे तर हे मॅचचे नाही, असे म्हणून तिने शेजाऱ्याला उठवले आणि जीप काढायला लावली. वाटेतून त्यांनी मला फोन केला, मी सरळ बीड गाठायला सांगितले. तिथे ईसीजी झाला, झटकाच होता. वेळेत उपचार मिळाले, गृहस्थ आज शेतात जातात. मला त्या माउलीच्या तर्काचे फार कौतुक वाटते. असे निदान पुस्तकात सापडायचे नाही.

छातीच्या मध्यभागी दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे, ते दुखणे हात, खांदा, पाठ किंवा जबड्याकडे जाणे, घाम, दम लागणे, मळमळ, यांपैकी काही होऊन ते थोड्या विश्रांतीने थांबले नाही, तर ‘गॅस झाला’ म्हणून सोडा पिऊन वाट पाहू नये. मधुमेही माणसाला आणि पुष्कळदा स्त्रियांना छातीत फारसे दुखतही नाही. नुसता घाम, दम आणि कमालीचा थकवा येतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, स्वतः मोटारसायकल चालवत निघू नये. नेकनूरहून मांजरसुंब्यामार्गे बीड फार दूर नाही. इकडे केजकडच्या लोकांना अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. हृदयाच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवण्याचे औषध पहिल्या काही तासांतच उत्तम काम करते, त्यामुळे रस्ता किती लांब यापेक्षा घरातून निघायला किती वेळ लावला हे महत्त्वाचे ठरते.

दिवस-रात्रीच्या सामन्यात आणखी एक गोष्ट हमखास होते. जेवण लांबते आणि रक्तदाबाची किंवा साखरेची रात्रीची गोळी चुकते. इन्सुलिन घेऊन सामना बघत बसलेल्या आणि जेवायचे विसरलेल्या माणसाची साखर धोकादायक खाली जाऊ शकते. सामना कोणताही असो, गोळी आणि भाकरी आपल्या वेळेवरच.

तंबाखूचेही तसेच. ताण वाढला की पुडी निघते. चाहत्याला वाटते तंबाखूने मन शांत होते, प्रत्यक्षात निकोटिनने ठोके आणि रक्तदाब आणखी चढतात. आधीच धावणाऱ्या बैलाला चाबूक! हरल्यानंतर तळलेले पदार्थ जास्त खाल्ले जातात, हेही अमेरिकेत मोजून झाले आहे. तिथल्या एका अभ्यासात आवडता संघ हरल्याच्या दुसऱ्या दिवशी लोकांच्या खाण्यात घातक चरबी १६ टक्क्यांनी वाढलेली आढळली, आणि निसटत्या पराभवानंतर हे विशेष दिसले. आपल्याकडे बसस्टँडवरच्या भजीवाल्याला हे कोणी सांगायला नको, त्याला विक्रीवरून कळते. त्याच संशोधकांना एक उतारा सापडला तो मला आवडला. ज्यांना आपल्या आयुष्यात सर्वांत मोलाचे काय आहे ते कागदावर लिहायला लावले, त्यांचे हे हावरेपण नाहीसे झाले.

आता जे लिहितो ते काहींना आवडणार नाही. पराभवाचा राग पुष्कळ घरांत बायकोवर आणि मुलांवर निघतो. भाजी अळणी लागते, चहा गार लागतो आणि हात उठतो. अमेरिकेत फुटबॉलच्या सामन्यांचा आणि पोलिसांकडील नोंदींचा मेळ घालून केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे घरचा संघ जिंकणार अशी खात्री होती आणि तो हरला, तिथे पुरुषांनी घरातील स्त्रीवर हात टाकण्याचे प्रकार सुमारे १० टक्क्यांनी वाढले. आपल्या भागात असे मोजमाप झालेले माझ्या वाचनात नाही, पण सुजलेला गाल घेऊन आलेली आणि ‘दाराला लागले’ असे सांगणारी बाई मी पाहिली आहे. सामना हे तिथे निमित्त असते, कारण नसते. त्यात दारू मिसळली की विचारायलाच नको. ज्यांना स्वतःचा राग आवरत नाही हे ठाऊक आहे, त्यांनी शेवटचा चेंडू पडताच उठून बाहेर चालायला जावे. शरीरात साठलेली ती पळण्याची तयारी पायांवाटे निघून जाते. आणि ज्या बहिणींना याचा त्रास होतो त्यांच्यासाठी १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तातडीच्या वेळी ११२.

चालण्याखेरीज दुसरे औषध म्हणजे बोलणे. एकट्याने मोबाइलवर तोच बाद होण्याचा क्षण रात्री दोनपर्यंत बघत बसणे सर्वांत वाईट, त्याने ‘तर’चे चक्र थांबत नाही. त्याऐवजी पारावर जाऊन चार जणांत खेळाडूंना मनसोक्त नावे ठेवावीत. मी हे गमतीने म्हणत नाही. समूहात वाटलेले दुःख हलके होते. १३ मार्च १९९६ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर श्रीलंकेविरुद्धच्या उपांत्य सामन्यात आपले गडी धडाधड पडले, तेव्हा लोकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या आणि सामना तिथेच थांबवून श्रीलंकेला बहाल करावा लागला. विनोद कांबळी रडत बाहेर गेला ते दृश्य अनेकांना आठवत असेल. तीन वर्षांनी चेपॉकवर त्याहून जिव्हारी लागणारा पराभव झाला, तर तिथले प्रेक्षक उभे राहिले आणि त्यांनी पाकिस्तानच्या संघासाठी टाळ्या वाजवल्या. वसीम अक्रमच्या संघाने मैदानाला फेरी मारली आणि टाळ्या चालूच राहिल्या. त्या प्रेक्षकांना दुःख कमी झाले होते असे नाही. हातांना काहीतरी करायला मिळाले होते, आणि हजारो जण ते एकदम करत होते.

झोप न येणे, जेवण न जाणे, कशात मन न लागणे हे दोन आठवडे चालले तर ते सामन्याचे नव्हे असे समजावे. कर्ज, नापिकी, परीक्षा, घरातले काही, असे दुसरेच दुखणे आत दबलेले असते आणि पराभवाने त्याची खपली निघते. अशा वेळी डॉक्टरांना भेटावे. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नये, त्याच दिवशी भेटावे. ‘टेलिमानस’ या शासनाच्या सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून आहे. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

राहता राहिली मुले. आठ-दहा वर्षांचे पोर पराभवानंतर हमसून रडते तेव्हा मोठी माणसे हसतात, नाहीतर ‘बायकांसारखा काय रडतोस’ म्हणतात. दोन्ही चूक. त्याच्या लेखी ते पहिलेच मोठे नुकसान असते. बीडच्या सचिन धसने ६ फेब्रुवारी २०२४ रोजी एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ९६ धावा केल्या आणि आपण अंतिम सामन्यात पोहोचलो, तेव्हापासून इकडच्या पोरांच्या अंगात वारे शिरले होते. ११ तारखेला आपण ऑस्ट्रेलियाकडून ७९ धावांनी हरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी एक आई आपल्या मुलाला घेऊन आली. रात्री जेवला नाही, शाळेत जात नाही, पोट दुखते म्हणतो. पोट मऊ होते, ताप नव्हता. मी त्याला विचारले, कोण कसा बाद झाला ते सांगशील का? त्याने एकेक गडी सांगितला, मधेमधे माझ्या टेबलावरची पट्टी उचलून कोणता फटका चुकला तेही दाखवले. बाहेर रुग्ण ताटकळले होते, तरी मी त्याला थांबवले नाही. दहावा गडी सांगून झाल्यावर त्याने पट्टी खाली ठेवली आणि आईला विचारले, डब्यात काय आहे?